रोझविताचा खण

सरकारवरचा अविश्वासाचा ठराव पडला. दोन मतांनी पडला. सरकार वाचलं.

परराष्ट्र खात्याच्या दुसऱ्या मजल्यावर लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. एकहार्ट लोरमान मात्र खुर्चीतच बसून राहिला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. शेजारच्या टेबलावरच्या मित्राने त्याच्या पाठीत थाप मारली आणि म्हणाला, राजदूत महाशय, आता तुमच्या गाडीवर झेंडा लागलाच म्हणून समजा. लोरमानने कोट उचलला आणि जिना उतरला.

आदल्या संध्याकाळीच त्याने पक्ष सोडला होता. हाच पक्ष, ज्याचं सरकार आत्ता वाचलं.

आता त्याला तरी किती बोल लावायचा! त्या आठवड्यात आमच्या राजधानीत, बॉनमध्ये, कुणालाही विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, गुरुवारी हे सरकार जातंय. विरोधकांनी मतं जुळवली होती. बेकरीच्या रांगेतसुद्धा नव्या मंत्र्यांची नावं ऐकू येत होती. आणि नवे आले की जुन्या पक्षाच्या माणसांना आधी घरी बसवणार, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. लोरमान सत्तावन्न वर्षांचा. आयुष्यभर प्रत्येक वकिलातीत तो दुसऱ्या नंबरवर राहिला. भाषण त्याने लिहायचं आणि राजदूताने वाचायचं. आता कुठे ऑस्लोच्या राजदूतपदासाठी त्याचं नाव वर गेलं होतं, नुसती सही बाकी होती. ही संधी गेली की पुढे फक्त पेन्शन. बायको गेर्लिंडने तर बहिणीला सांगूनही टाकलं होतं. म्हणून त्याने ठरवलं, सरकार पडायच्या आत आपणच बाहेर पडावं, म्हणजे नव्यांना बोट ठेवायला जागा नको. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

ट्राममध्ये तो उभाच होता. बसायला जागा होती, पण त्याला बसवेना. नेमणुकीआधी चॅन्सेलरच्या कचेरीतून पक्षाकडे एक फोन जातो, माणूस आपलाच ना, एवढंच विचारायला. तो फोन जायच्या आत काल परत केलेलं पक्षाचं सभासद-पुस्तक हाती आलं तर सगळं निभावलं. नाहीतर मेलो, तो मनाशी म्हणाला, मेलोच मी.

पक्षाच्या स्थानिक शाखेची अध्यक्ष रोझविता नेटेकोव्हेन. गोडेसबर्ग स्टेशनजवळ तिचं औषधांचं दुकान. दुपारचं दुकान बंद होतं. लोरमान मागच्या दाराशी गेला आणि त्याने घंटेवरचं बोट काढलंच नाही. रोझविताने दार उघडलं तेव्हा तिच्या हातात सूपचा चमचा होता. ती हसली, म्हणाली, ऐकलंस ना, वाचलो आपण. मग काहीतरी आठवल्यासारखं तिने हसू आवरलं आणि त्याला आत घेतलं.

काल याच खोलीत तो पुस्तक घेऊन उभा होता. नुसतं टेबलावर ठेवून जाता आलं असतं. पण तीस वर्षं वकिलातींत काढलेला माणूस, त्याला कुठलीही गोष्ट नुसती करता येत नसे. तो बोलायला लागला. पूर्वेकडच्या देशांशी हे सरकार जे करार करतंय, त्यात माझ्या आईचं थडगं ज्या मातीत आहे ती माती कायमची परक्यांची होतेय. आईला तोंड दाखवायला मला जागा राहिली नाही, साथी. असं बरंच. त्या करारांचे तीन परिच्छेद त्याने स्वतःच लिहिले होते आणि तेव्हा खुशीत सहकाऱ्यांना वाइनही पाजली होती, हे तो बोलला नाही. रोझविता डोळे पुसत ऐकत राहिली होती. बोलणं छान जमलं, असं त्याला रस्त्यावर आल्यावर वाटलंही होतं. स्वतःची लाज वाटायला त्याला आजची दुपार उजाडावी लागली.

"रोझविता, काल मी दिलेलं पुस्तक," तो म्हणाला. पुढे शब्दच सुचेनात. आयुष्यात पहिल्यांदा.

"पुस्तकं होय," ती म्हणाली आणि तिने गल्ल्याखालचा खण ओढला.

खण सभासदांच्या लाल पुस्तकांनी भरला होता. लोरमानचा जीव भांड्यात पडला. म्हणजे हिने काही पुढे पाठवलंच नाही! आपण एकटे भित्रे नाही, या विचाराने त्याला जवळजवळ हसूच आलं. सगळ्यात वर त्याच्या विभागप्रमुखाचं पुस्तक होतं. मघाशी सगळ्यात मोठ्याने जयघोष करत होता तोच हा. लोरमानने एकेक पुस्तक उलटून पाहिलं. मग पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.

"माझं यात नाहीये."

"नसणारच. अरे, हे सगळे घाबरट. एक म्हणतो गुडघे दुखतात, सभांना येववत नाही. दुसऱ्याची बायको कटकट करते म्हणे. मला हसू येत होतं. म्हटलं, राहू देत खणात, सरकार वाचलं तर शेपूट घालून परत येतील."

"आणि माझं?"

रोझविताने चमचा खाली ठेवला आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"तुझं मी आज सकाळी दुकान उघडायच्या आधी स्वतः पक्षाच्या जिल्हा कचेरीत नेऊन दिलं. तुझ्या आईचं सगळं सांगितलं त्यांना. सेक्रेटरी उठून उभा राहिला रे, माझ्यासमोर त्यावर रद्दचा शिक्का मारला त्याने. तुझ्या जिवाला ते ओझं आणखी एक दिवसही नको, म्हणून."