एकदम ठणठणीत

“काही त्रास? पुरळ, दम लागणं, जुलाब?” सलाईनची पिशवी टांगता टांगता सिस्टरनी विचारलं.

“छे! एकदम ठणठणीत,” अण्णा म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. परवापासून ते भरल्या ताटावरून उठून संडासात पळत होते. सिस्टर औषध आणायला वळल्या तशी मी दबक्या आवाजात खेकसले, “अण्णा, तुमच्या घशातली कॅन्सरची गाठ रक्तातल्या पांढऱ्या पेशींना हेच सांगत आलीये. सगळं ठीक आहे, परत जा! म्हणून तर ती वाढली. या औषधामुळे पेशी आता तिचं ऐकत नाहीत; पण कधीकधी त्या इतक्या चवताळतात की आतड्यावरच तुटून पडतात. म्हणून हे जुलाब. लपवलंत तर जिवावर बेतेल. सिस्टरांसमोर लाजताय कसले?”

“लाजतोय कुठे?” अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले. “या औषधानं कित्येक महिन्यांनी भाकरी घशाखाली उतरली. खरं सांगितलं तर तेच बंद करतील, बाळे.”

“आणि आतडीच गेली तर ती भाकरी पचणार कुठे?” मी विचारलं. सिस्टर औषध घेऊन आल्या. अण्णांनी क्षणभर त्या बाटलीकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

“थांबा सिस्टर. जुलाब होतायत.”