पाच वर्षांची आखणी

"बस ना, दादा."

"नको. बसलो की गुडघा आखडतो. बोल."

नव्या कोचने दार लावून घेतलं. सकाळपासून एकेक खेळाडू या खोलीत येत होता आणि खाली मान घालून बाहेर पडत होता. आता कप्तानाची पाळी होती. कप्तान म्हणजे कोचचा सख्खा थोरला भाऊ.

क्लबची पार रया गेली होती. कोच येत होते, जात होते. जो येई तो पुढच्या सामन्यापुरतं ठिगळ लावी. हरला की त्याची उचलबांगडी. संघ खालच्या लीगमध्ये घसरला, स्टँड ओस पडले. अशात धाकट्याला बोलावणं आलं. मोठा संघ त्याने कधी हाताळला नव्हता. तरी त्याने कार्यकारिणीपुढे पाच वर्षांची आखणी मांडली. विशीतली पोरं घ्यायची, सुरुवातीला हार पचवायची, कुणाचीही गय करायची नाही. अध्यक्षांनी मान डोलावली. तेव्हापासून धाकटा ताठ मानेने चालत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणीतरी 'भिंतीचा भाऊ' म्हणून नव्हे, तर त्याच्या डोक्यासाठी निवडलं होतं.

'भिंत' म्हणजे दादा. गोलकीपर. वडील गेले तेव्हा शाळा सोडून त्यानेच धाकट्याला वाढवलं होतं. पण गेल्या हंगामात साधे चेंडूही त्याच्या हाताखालून निसटू लागले होते. कालच जेवताना वहिनी म्हणाली होती, "आता घरचाच माणूस आलाय. मला घोर नाही." धाकट्याला पुढचा घास गिळवला नव्हता.

"दादा, पुढच्या आखणीत तू नाहीस. त्या नव्या पोराला गोलमध्ये उभं करतोय."

"तो उंच चेंडूला बिचकतो."

"शिकेल. त्याच्याकडे वेळ आहे."

दादा खिडकीकडे वळला. बाहेर मैदानावर पोरं पळत होती.

"मग त्याला शिकवायला तरी ठेव. चेंडू गोळा करायचं काम दिलंस तरी चालेल. मला दुसरं काय येतं?"

धाकट्याने मन घट्ट केलं.

"तू बाजूला उभा असलास की पोरं माझं ऐकणार नाहीत. सगळी तुझ्याच तोंडाकडे बघतील. आणि घरचा म्हणून तुला ठेवलं, तर माझ्या आखणीचं हसं होईल. कार्यकारिणीने त्या आखणीवर विश्वास टाकलाय, दादा."

दादा खिडकीपासून वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता.

"तुझी आखणी कुणी ऐकलीसुद्धा नाही रे," तो म्हणाला. "त्यांचा बाहेरचा माणूस ठरला होता. तो आला की पहिला मलाच काढणार, म्हणून मी अध्यक्षांच्या हातापाया पडून तुला आणवलं."