चार फुटांचा बोळ

मोजणीवाला टेप सोडत होता आणि मी इंगवले कंपाउंडरच्या तोंडाकडं बघत होतो. आता गावतंय बेणं!

सांगतो. आमच्या घरामागं नगरपालिकेचा मोकळा प्लॉट, बागेसाठी राखलेला. रिटायर झाल्यापासून हा शेजारी तिथं झाडं लावायचा, घरनं पाणी आणून घालायचा. फुकट कोण राबतं हो? त्यात माझ्या भिंतीलगत चार फुटांचा बोळ मोकळा सोडलेला. म्हटलं, हा इथनं वाट काढणार आणि जागा गिळणार. पालिका म्हणाली, मोजणी झाली की बागेला निधी देतो. मी मोजणीचा अर्ज द्यायला निघालो, तर हा आडवा आला. "राहू द्या की तात्या, झाडं वाढत्यात." मग तर माझी खात्रीच पटली.

मोजणीवाला टेप घेऊन थेट माझ्या परसात शिरला. "काका, हद्द इथवर आहे. तुमचं न्हाणीघर बागेच्या जागेत येतंय. ते पाडल्याशिवाय निधी नाही."

अंदाजानं बांधलेलं ते.

इंगवले खाली बघत म्हणाला, "मला ठाऊक होतं तात्या. म्हणून तर मोजणी नको म्हणत होतो."

"आणि तो बोळ?"

"मुळं तुमच्या भिंतीत शिरतील म्हणून सोडला."

दुसऱ्या दिवशी पहार मीच हातात घेतली. आता रोज संध्याकाळी आम्ही दोघं बागेतल्या बाकावर बसतो. बरोबर त्याच जागी, जिथं मी पंचवीस वर्षं आंघोळ केली.