नदीच्या पलीकडचं घर

हाल्बेराने जीप नदीच्या काठावर थांबवली. हिमनदीचं ताकासारखं पांढुरकं पाणी. तळ दिसायचं नाव नाही. सकाळपासून आइसलँडच्या या उजाड पठारावर दुसरी गाडी भेटली नव्हती.

शेजारी तिचा नवरा थोर्गिल्स बसला होता. जानेवारीत मेंदूत गुठळी झाली, तेव्हापासून त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. पलीकडे टेकडीआड हजार वर्षांपूर्वीच्या वायकिंगांचं एक घर होतं. अकरा उन्हाळे खपून त्याने ते मातीतून वर काढलं होतं. तीही दर वेळी सोबत असायची, पण नदीतून गाडी तोच घालायचा.

"तुझं घर बघायचंय ना? मग घट्ट धरून बस," ती म्हणाली.

त्याने दारावरची मूठ धरली.

पाणी किती खोल आहे ते बघायला आधी रबरी विजार चढवून, काठी टेकत ती पाण्यात शिरली. पाणी गुडघ्यावर आलं, पाय सरकायला लागले, तशी मागे फिरली. वरच्या अंगाला नदी अरुंद होती, पाणीही संथ. तिथून पलीकडे जायला कितीसा वेळ लागणार! तिने गाडी तिकडे नेली आणि पहिला गिअर टाकला.

चाकं पाण्याला लागणार तोच थोर्गिल्सचा हात तिच्या मनगटावर आदळला.

"न... नको!"

तिने करकचून ब्रेक दाबला.

"खोल," तो म्हणाला. त्याला घाम फुटला होता. खालच्या अंगाला नदी पसरून गोट्यांवरून खळाळत होती, तिकडे त्याने हात केला. "तिथे. उथळ."

हाल्बेराने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मग बाहीने नाक पुसलं. "सहा महिने एकटीच बडबडतेय मी. आणि तुला तोंड उघडायला माझी चूकच लागली होय रे?"

खालच्या अंगाने तिने गाडी तिरकी घातली. पाणी दारापर्यंत चढलं, गाडी डगमगली, पण तिने ती थांबू दिली नाही. पलीकडच्या वाळूवर आल्यावरच तिने श्वास सोडला.

टेकडीआड गवतात दगडी जोती उभी होती. त्याचा दंड धरून ती त्याला आत घेऊन गेली. मधोमध काळवंडलेल्या दगडांची लांबट रांग होती. या घराचा नकाशा तिनेच काढला होता. दगड न् दगड तिला पाठ होता.

"हा गोठा ना?" तिने विचारलं.

थोर्गिल्सच्या कपाळाला आठ्या पडल्या. ओठ जुळायला बराच वेळ लागला. "चूल!"

"बरं, बरं. मग गोठा हा असेल," दाराच्या उंबऱ्यावर पाय ठेवत ती म्हणाली, आणि वाट बघत उभी राहिली.