हॉर्नची वायर

काका गेल्यापासून त्यांचा जुना ट्रॅक्टर कुणालाच दाद देत नव्हता. रात्री भरून ठेवलेली बॅटरी सकाळी मान टाकायची. पेरणी तोंडावर आली, म्हणून काकूंनी मिस्त्रीला पुन्हा बोलावलं.

त्याने बॅटरीची तार सोडवून मध्ये बल्ब जोडला. सगळं बंद असूनही बल्ब पेटला.

"बघा काकू, कोणीतरी गुपचूप करंट पितंय. एकेक वायर काढतो, चोर सापडेलच."

दिव्यांची वायर काढली, डायनामोची काढली, तरी बल्ब पेटलेलाच. हॉर्नची काढताच विझला.

मिस्त्री हसला. "काका फार वाजवायचे वाटतं?"

"चहा हवा असला की शेतातून वाजवायचे." काकूंनी स्टिअरिंगवरच्या हॉर्नच्या बटणाकडे पाहिलं. "त्या दिवशीही वाजवत होते. मी म्हटलं, ओरडू दे, हातातलं काम संपवून जाते. बराच वेळ वाजला, मग बारीक होत होत थांबला. गेले तर ट्रॅक्टर उलटलेला आणि हे त्याच्याखाली."

मिस्त्रीचं हसू मावळलं. त्याने बॅटरी उचलून अंगणात नेऊन ठेवली. हॉर्नही खोलून काकूंच्या हातात दिला.

"घ्या, आता प्रश्नच मिटला."

काकूंनी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. स्टिअरिंगवरचं काळं बटण हळूच आत गेलं आणि आतच राहिलं.

काकूंच्या हातातला सुटा हॉर्न वाजू लागला.