पुढची सीट

पुढची सीट रिकामी असल्यामुळे कयाकचं नाक वर उचललं जात होतं आणि वारा ते सारखं किनाऱ्याकडे वळवत होता. त्या सीटवर दर वर्षी बिपिन बसायचा. तो गेल्यानंतरची आमची ही पहिलीच सहल. शेवटी मी परत वाळूला लागलो.

“पुढे वजन पाहिजे. पाण्याचे कॅन ठेवू या,” दुसऱ्या कयाकमधल्या दोघा मित्रांपैकी एक म्हणाला.

बिपिनची बायको आम्हाला डबा द्यायला किनाऱ्यावर आली होती. बेटावर तंबू ठोकून राहायचं आमचं वेड वहिनींना कधीच पटलं नव्हतं. त्यांनी चपला काढल्या.

“कॅन राहू देत. मी बसते.”

“वहिनी, तुम्हाला पोहता कुठे येतं?”

“ह्यांना तरी कुठे येत होतं?”

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. दर वर्षी बेटावर पोचलो की आम्ही पाण्यात उड्या घ्यायचो आणि बिपिन म्हणायचा, “जा रे तुम्ही, मी चुलीचं बघतो.”

मी वहिनींच्या लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून दिले. त्या बसल्या, तसं नाक पाण्यावर टेकलं. वाटभर त्यांनी दोन्ही हातांनी कड घट्ट धरली होती, पण मागे फिरू या म्हणाल्या नाहीत.

बेटावर तंबू उभे राहिले. समुद्र शांत होता.

“जा ना पोहायला,” चुलीपाशी बसत वहिनी म्हणाल्या, “इथलं मी बघते.”

एका मित्राने शर्ट काढलाच होता. त्याने तो परत अंगात घातला.