गप्प बसवलेली

टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत सरांनी केळीचा वेडावाकडा घड सुलभाच्या टेबलावर आपटला. "आपल्या रोपांना असले घड लागले म्हणून बाहेर शेतकरी आलेत. चूक तुझ्या हातून झाली असं सांग, बाकी गप्प बस."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोपांसाठी आठव्यांदा कोंब कापतानाच तिने बजावलं होतं, हा आता टाकून द्या. फार वेळा कापलं की आत गप्प बसवलेली जनुकं उठतात, जागा सोडून उड्या मारतात, झाड बिघडतं. "बारावी नापास, आणि मला शिकवणार?" म्हणत त्यांनी तिचं बोलणं कापलं होतं. आणि कोंब आणखी तेरा वेळा.

हातमोजे काढून, घड उचलून ती शेतकऱ्यांकडे चालू लागली.

"गप्प बस म्हटलं ना," सर ओरडले.

"फार वेळा कापलंत, सर."